माणूस पाहण्याची विद्या
(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे अखंड चाललेल्या ग्रंथालयाच्या उत्सवात ग्रंथांविषयी बोलले जावे, हे स्वाभाविकच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र वाचनाच्या शेजारघरचा आहे. ग्रंथ वाचणे ही जशी एक विद्या, तशी समोरचा माणूस वाचणे हीदेखील एक विद्याच होय. चित्रकाराला ती ज्या वर्गात मिळते त्याला कलाशाळांत ‘लाइफ क्लास’ असे म्हणतात. एक जिवंत माणूस समोर स्थिर बसतो वा उभा राहतो आणि भोवतीचे विद्यार्थी त्याच्यावरून रेखाटन करतात, एवढेच वरवर पाहता या वर्गाचे स्वरूप. परंतु या साध्या गोष्टीभोवती आपल्याकडे कुतूहल, संकोच, कुजबूज आणि क्वचित रोषही साचलेला आहे. तो बाजूला सारून मूळ गोष्ट काय आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

हुबळी-धारवाड म्हटले की प्रथम गाणे आठवते. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगळ, सवाई गंधर्व ही नावे या मातीत घरच्या माणसांसारखी घेतली जातात. साहित्याच्या बाबतीतही हे भाग्य थोडे नाही. घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नड काव्याला शिखरावर नेले आणि जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असताना मराठी कथेला नवे परिमाण दिले. हेच जी. ए. हौसेने कुंचलाही हाती धरीत असत, हे मात्र फार थोड्यांच्या स्मरणात असते. चित्रकलेच्या वाट्याला या जुळ्या शहरांत नेहमी असेच अर्धे विस्मरण आले आहे. वस्तुतः येथील चित्रपरंपरा जुनी आहे, सकस आहे आणि तिची नाळ थेट मुंबईच्या लाइफ क्लासशी जोडलेली आहे.

प्रथम या वर्गाचे कामकाज पाहू. खोलीला उत्तरेकडून उजेड मिळत असेल तर उत्तम, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. मध्यभागी एक बुटका चौथरा असतो. त्यावर मॉडेल बसते. भोवती अर्धवर्तुळात इझल आणि बसून काढणाऱ्यांसाठी ‘डाँकी’ नावाची लाकडी घोडी मांडलेली असते. आरंभी एकेक, दोन-दोन मिनिटांच्या झटपट मुद्रा होतात. त्यांत नाक-डोळे काढण्यास अवकाश नसतो. शरीराचा कल, भार आणि ओघ एवढाच पकडावयाचा असतो. हात मोकळा झाला की दीर्घ मुद्रा सुरू होते. साधारण वीस-पंचवीस मिनिटे बैठक, मग पाच मिनिटे विश्रांती, आणि पुन्हा तीच मुद्रा. मॉडेल उठण्यापूर्वी त्याच्या पावलांभोवती खडूने खुणा करून ठेवतात, म्हणजे परत आल्यावर पाय जागच्या जागी पडतात.

विद्यार्थी हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने मापे घेतात. मस्तकाची उंची हे एकक. प्रौढ माणूस साधारण साडेसात मस्तके भरतो. मूल त्याहून कमी. उभ्या माणसाने एका पायावर भार दिला की त्या बाजूचा कटिभाग वर उचलला जातो, खांदा त्याच बाजूला खाली झुकतो आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ येतो. हे ज्याने एकदा नीट पाहिले, त्याची उभी आकृती कागदावर कधी लटपटत नाही. ज्याने पाहिले नाही, त्याचे कपडे कितीही सुंदर रंगवलेले असोत, आतला माणूस पडल्यावाचून राहत नाही.

येथे एक शंका नेहमी निघते. हाताशी छायाचित्र असताना माणूस कशाला बसवावा? उत्तर असे की, छायाचित्र हा एका यंत्राने आधीच घेतलेला निर्णय असतो. एकाच भिंगाने, एका क्षणी, त्रिमिती आकाराचे सपाट पान करून ठेवलेले असते. जिवंत माणसाला दोन डोळ्यांनी पाहिले जाते. त्याची छाती श्वासाने हलते, थकल्यावर मान किंचित उतरते, दुसऱ्या बैठकीत मुद्रा पहिल्यासारखी तंतोतंत राहत नाही. या हलत्या सत्यातून काय ठेवावे आणि काय सोडावे, हे रेखाटणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. ते ठरवणे हेच शिक्षण होय. गायनात तंबोऱ्याच्या जोडीने रोज स्वर लावावा लागतो. ध्वनिमुद्रिका ऐकून गळा तयार होत नाही. लाइफ क्लास हा चित्रकाराचा रियाज आहे.

आता या वर्गाचा इतिहास. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. तेथील आरंभीच्या शिक्षणात ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करण्यावर मोठा भर होता. पुतळा हलत नाही, तक्रार करीत नाही, रोज मजुरी मागत नाही. पण त्याला हाडामांसाची ऊबही नसते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्यांनी याच संस्थेत शिकून मानवाकृतीवर जे प्रभुत्व मिळवले, ते त्यांच्या चिकाटीचे फळ. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या हाती संस्थेची सूत्रे आली आणि नग्न मॉडेलवरून अभ्यास करण्याचा रीतसर वर्ग तेथे उभा राहिला. भित्तिचित्रे काढू शकणारी पिढी तयार करावयाची तर मानवाकृतीचा पाया पक्का हवा, अशी सॉलोमन यांची धारणा होती. पुढे नव्या दिल्लीच्या सचिवालयात मुंबईच्या चित्रकारांनी भित्तिचित्रे रंगवली, त्यामागे या वर्गातील कष्ट होते.

याच काळात कलकत्त्याहून वेगळा सूर निघत होता. हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रेरणेने तेथे जी चळवळ झाली, तिचे म्हणणे असे की भारतीय कला देहाची नक्कल करीत नाही; ती भावाची आणि आदर्शाची कला आहे. शिल्पशास्त्रांत तालमान सांगितले आहे, बारा अंगुळांचा एक ताल मानून देवतेच्या मूर्तीला नवताल वा दशताल असे प्रमाण दिले आहे. तेथे समोर माणूस बसवण्याचे प्रयोजन काय? या युक्तिवादात तथ्य आहे, आणि त्याची टर उडवण्याचे कारण नाही. मात्र त्याने निम्मीच गोष्ट सांगितली. हुबळीजवळ उणकलचे चंद्रमौळेश्वराचे मंदिर घ्यावे, गदगजवळील लक्कुंडी घ्यावी, बदामी-ऐहोळे घ्यावे. चालुक्यकालीन शिल्पींनी प्रमाणे शास्त्रातून घेतली असतील. पण भार दिलेल्या पायाचा ताण, वळलेल्या कमरेवरची घडी, दमलेल्या द्वारपालाचा रेललेला खांदा हे शास्त्राच्या पोथीत लिहिलेले नसते. ते कोणीतरी डोळे उघडे ठेवून, जिवंत माणसाकडे पाहून घेतलेले असते. शास्त्र आणि निरीक्षण ही दोन वैरी नव्हेत. एकाच हाताच्या त्या दोन बाजू आहेत.

धारवाडपर्यंत ही विद्या कशी आली, हा भाग येथील सभासदांना विशेष जवळचा वाटावा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. तेव्हा ज्याला चित्रकार व्हावयाचे असे त्याच्यापुढे मोठी वाट एकच, मुंबईची. गिरगावात दंडावतीमठ यांचे नूतन कलामंदिर होते. कर्नाटकातून आलेल्या अनेक होतकरू मुलांना तेथे पहिला आसरा आणि पहिले धडे मिळाले. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे कृष्ण हेब्बार याच वाटेने जे. जे. मध्ये गेले आणि गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित यांनीही हाच मार्ग धरला. पंडितांची पौराणिक चित्रे व चित्रपटांची भित्तिपत्रके असंख्य घरांत पोहोचली. त्यांतील भीमाचा वा शिवाचा देह इतका विश्वसनीय वाटतो, याचे कारण लाइफ क्लासमध्ये गाळलेल्या घामात आहे. हेब्बार तर एवढ्यावर थांबले नाहीत. मानवी देहाची लय आतून कळावी म्हणून त्यांनी नृत्याचेही शिक्षण घेतले, आणि त्यांच्या रेषेला जे गाणे लाभले ते सर्वश्रुत आहे.

जे. जे. मधून शिकून परतलेल्यांपैकी डी. व्ही. हालभावी यांनी १९३५ मध्ये धारवाडात कलाशाळा काढली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईस जाऊन राहणे ज्यांना परवडणारे नव्हते, अशा उत्तर कर्नाटकातील मुलांना घरापासून हाकेच्या अंतरावर चित्रकलेचा दरवाजा उघडा झाला. तिकडे बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी व्यक्तिचित्रणाची आणि ग्रामजीवन रंगवण्याची परंपरा रुजवली. रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार त्यांच्या हाताखाली घडला. या दोन्ही ठिकाणचा समान धागा एकच : समोरच्या माणसाकडे आधी नीट पाहा.

इथवर चित्रकारांविषयी झाले. परंतु या वर्गात आणखी एक व्यक्ती असते, आणि तिच्याविषयी कलेतिहास बहुधा मौन पाळतो. ती म्हणजे चौथऱ्यावर बसणारी व्यक्ती.

आरंभीच्या काळात अनेक चित्रकारांना मॉडेल घरातच शोधावे लागले. धुरंधरांच्या पत्नी त्यांच्या कितीतरी चित्रांसाठी बसल्या. गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद यांनी आपल्या पत्नीला, फ्लोरा यांना, चित्रविषय केले. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील आहे. हाती समई घेतलेल्या, ज्योतीपुढे आडवा हात धरलेल्या त्या स्त्रीचे चित्र पाहिल्यावाचून म्हैसूरचा प्रवासी परतत नाही. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे जलरंगचित्र आहे आणि त्यासाठी उभी राहिली होती ती त्यांची कन्या गीता. पुढे गीताबाई उपळेकर म्हणून कोल्हापुरास त्यांचे वास्तव्य होते. २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यानंतर, त्यांचे निधन झाले. चित्रातील बोटांच्या कडेने झिरपणारा तांबूस प्रकाश हे हळदणकरांचे कौशल्य. पण हात न हलवता तिष्ठत उभे राहणे, हा त्या मुलीचा वाटा होता. त्या चित्राचे श्रेय वाटावयाचे झाले तर दोघांत वाटावे लागेल.

कलाशाळांतील मॉडेल मात्र चित्रकाराच्या घरची नसतात. ती बहुधा मोलमजुरी करणाऱ्या घरांतून येतात. त्यांत वृद्ध असतात, हमाल असतात, मुलांच्या शाळेचे शुल्क भरण्यासाठी आलेल्या माता असतात. हे काम बसून राहण्याचे म्हणून सोपे आहे, असा समज चूक आहे. वीस मिनिटे एका पायावर भार देऊन उभे राहून पाहावे. गुडघा बधिर होतो, खांद्यात गोळे येतात, घाम पुसण्यासही हात उचलता येत नाही. त्यातून वस्त्र उतरवून बसणाऱ्या स्त्रीला घरी आणि शेजारी काय सांगावे, हा प्रश्न शरीराच्या कष्टाहून जड असतो. कित्येक जणी घरी दुसरेच काम सांगून येतात. रवी जाधव यांच्या २०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने हेच जग पडद्यावर आणले. आदल्या वर्षी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातून तो वगळला गेला होता, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

संकोच केवळ आपल्याकडेच होता असे मानण्याचे कारण नाही. लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये स्थापन झाली. संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. योहान झोफनी याने पुढे अकादमीच्या सदस्यांचे समूहचित्र काढले, त्यात पुरुष सदस्य नग्न पुरुष मॉडेलभोवती जमलेले दिसतात. या दोघी मात्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरींच्या रूपात. स्त्रियांनी त्या खोलीत असणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून संस्थापक असूनही त्यांना भिंतीवर जावे लागले. तेथील विद्यार्थिनींना मॉडेलवरून, तेही कमरेला वस्त्र असलेल्या, अभ्यास करण्याची मुभा मिळण्यास एकोणिसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडले. या पार्श्वभूमीवर १९३१ मध्ये जे. जे. ची पदविका मिळवणाऱ्या अंबिका धुरंधर यांचे धैर्य, आणि त्यांना पाठबळ देणाऱ्या पित्याचे मोठेपण, अधिक उठून दिसते.

कायद्याच्या बाजूनेही दोन शब्द सांगणे इष्ट. १९५४ मध्ये मुंबईत अकबर पदमसी यांच्या चित्रांवर अश्लीलतेचा आरोप झाला. चित्रे उतरवण्यास त्यांनी नकार दिला, खटला उभा राहिला आणि ते निर्दोष ठरले. पुढील काळात न्यायालयांची भूमिका अधिकाधिक स्पष्ट होत गेली. एखादा भाग सुटा काढून न पाहता कृती समग्रतेने पाहावी, आणि तत्कालीन समाजाच्या सर्वसामान्य मापाने ती जोखावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, सीमाशुल्क खात्याने अडकवून ठेवलेली सूझा आणि पदमसी यांची चित्रे सोडण्याचा आदेश देताना, नग्नता आणि अश्लीलता यांत भेद आहे हे पुन्हा एकदा स्पष्ट केले. सत्तर वर्षांच्या अंतराने त्याच पदमसींच्या चित्रांविषयी तोच प्रश्न न्यायालयात यावा, यातच समाजाच्या मनातील गाठ किती चिवट आहे ते दिसते. लक्कुंडीच्या शिल्पापुढे हात जोडणारे मन कागदावरील कोळशाच्या रेषेने का बिचकते, याचा विचार ज्याने-त्याने करावा.

तथापि ही गाठ न्यायालयाने सुटणारी नाही. ती परिचयानेच सुटेल. आणि येथे ग्रंथालयाचा संबंध येतो.

लाइफ क्लास म्हणजे नग्न मॉडेलच, असे समीकरण मुळात अपुरे आहे. कलाशाळेच्या अभ्यासक्रमात विवस्त्र देहाचे स्थान आहे आणि ते तेथेच, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली असावे. परंतु गावातील हौशी आणि व्यावसायिक चित्रकारांनी एकत्र जमून, वस्त्रांकित माणसावरून रेखाटन करणे, याला कोणाचा कोणता आक्षेप असू शकेल? अशी मंडळे अनेक शहरांत रविवारी सकाळी जमतात. त्यांना मोठ्या भांडवलाची गरज नसते. एक खोली, उजेड, दहा-पंधरा खुर्च्या आणि बसण्यास राजी असलेला एक माणूस, एवढे पुरते. आणि या परिसरात माणसांची काय वाण आहे? इरकली नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली म्हातारी, म्हशी राखणारा धारवाडचा गवळी, तालमीत घुमलेला पैलवान, पटका बांधलेला जोंधळ्याचा शेतकरी, सेवानिवृत्त टपालवाला, सतारीच्या तारा जुळवणारा वादक. यांतील प्रत्येकाचा चेहरा हा एकेक ग्रंथ आहे, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही मिळत नाही.

ग्रंथालयाचे सभागृह रविवारी सकाळी बहुधा रिकामे असते. महिन्यातून एका रविवारी ते चित्रकारांना द्यावे, अशी विनंती या व्यासपीठावरून आश्रयदात्यांपुढे ठेवणे अनुचित होणार नाही. सोबत काही मर्यादाही लिहून ठेवाव्यात. बसणाऱ्यास मजुरी आधी ठरवून द्यावी, आणि ती काम संपताच हातात पडावी. दर वीस मिनिटांनी विश्रांती मिळावी. त्याच्या अनुमतीवाचून कोणी छायाचित्र घेऊ नये. पहिल्याच दिवशी त्याचे नाव सर्वांना सांगावे, आणि चित्रे भिंतीवर लागतील तेव्हा चित्रकाराच्या नावाखाली बसणाऱ्याचेही नाव, त्याची इच्छा असल्यास, लिहावे. बैठक संपल्यावर त्याला सर्व कागद दाखवावेत. आपला चेहरा पंधरा जणांनी पंधरा तऱ्हांनी पाहिला, हे पाहून माणूस क्षणभर अबोल होतो, असा सर्वत्रचा अनुभव आहे. ज्याच्याकडे आयुष्यात कोणी वीस मिनिटे सलग पाहिले नाही, अशा माणसाला हा मान मोठा असतो.

याचा लाभ चित्रकारांपुरता राहणार नाही. चित्र न काढणारे सभासदही तेथे मागच्या खुर्चीवर बसून पाहू शकतील. घरातील मुलगी चित्रकला शिकावयास निघाली असता ज्यांच्या मनात धाकधूक होते, अशा पालकांना तो वर्ग किती शांत, किती कष्टाचा आणि किती निर्मळ असतो, हे प्रत्यक्ष दिसेल. शंकेचे निरसन भाषणाने जेवढे होत नाही, तेवढे अर्ध्या तासाच्या दर्शनाने होते. आणि कलाशाळेतून शिकून निघालेल्या, पण नोकरीच्या धबडग्यात सराव सुटलेल्या येथील तरुण-तरुणींना पुन्हा कोळसा हाती धरण्याचे निमित्त मिळेल.

ग्रंथालयाच्या संस्थापकांपुढे शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतील, स्त्रियांनी वाचनालयात येणे बरे दिसणार नाही, अशी कुजबूज त्या काळी गावोगाव होती. तिला उत्तर देण्यात त्या पिढीने वेळ दवडला नाही. दारे उघडली, पुस्तके मांडली आणि वाचकांची वाट पाहिली. आज त्या कुजबुजीचे कोणाला स्मरणही नाही. एखाद्या रविवारी सकाळी याच सभागृहात उत्तरेकडची खिडकी उघडावी, मध्ये एक खुर्ची ठेवावी आणि गावातीलच एखाद्या माणसाला आदराने म्हणावे, ‘बसा, घाई नाही.’ पुढचे काम त्याच्याभोवती बसलेल्यांचे डोळे करतील.